जोडी मोडली की मुलूख जातो: नॉर्थ कॅरोलायनातल्या लाल लांडग्यांचं प्रकरण

जून २०२४. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, अटलांटिक किनाऱ्यालगतच्या सखल, दलदलीच्या भागातून जाणाऱ्या महामार्ग ६४ वर गाडीची धडक बसून एक लाल लांडगा मेला. तो बाप होता. त्याच वसंतात त्याच्या मादीला पाच पिल्लं झाली होती, जेमतेम काही आठवड्यांची. बाप गेल्यावर ती पिल्लं कुणाला दिसली नाहीत. तीही गेली असंच धरून चालावं लागलं. नोंदवहीत अपघात एक, पण रानातून गेले सहा. तेव्हा मोकळ्या रानात असलेल्या, माहीत असलेल्या लाल लांडग्यांची संख्या साऱ्या जगात विसाच्या आसपास होती.

एक आणि सहा यांतल्या या फरकाभोवतीच हे सगळं प्रकरण फिरतं. नामशेष होत चाललेला, कुटुंबाने राहणारा शिकारी प्राणी रानात परत न्यायचा म्हटलं की आपण डोकी मोजायला लागतो: किती सोडले, किती मेले, किती उरले. लाल लांडगा मात्र जोडीने जगतो. जोडी असते तोवर तिचा मुलूख असतो, मुलूख असतो तोवर पिल्लं वाढतात. गेल्या साडेतीन दशकांत या कार्यक्रमाचं जे काही साधलं ते जोड्या टिकल्या तेव्हा साधलं, आणि जे बिघडलं ते जोड्या मोडल्या तेव्हा बिघडलं. माझं हे मत मी आधीच सांगून ठेवतो. पुढची हकीकत वाचून ते पटतं का ते पाहा.

प्राणी आणि त्याचं घर

लाल लांडगा आकाराने करडा लांडगा आणि कोयोटी (लांडग्याचा लहान, कोल्ह्यासारखा दिसणारा अमेरिकी नातलग) यांच्या मधला. वजन साधारण २० ते ३६ किलो. कानामागे, मानेवर आणि पायांवर तांबूस झाक, त्यावरून नाव पडलं. हरिण, रकून, ससे आणि न्यूट्रिया नावाचा पाणथळीतला मोठा कुरतडणारा प्राणी हे त्याचं मुख्य खाणं. कळप म्हणजे एक कुटुंबच: नर, मादी, त्यांची गेल्या वर्षीची मुलं आणि यंदाची पिल्लं, मिळून पाच ते आठ जण. फेब्रुवारीच्या सुमारास मीलन, एप्रिल-मे मध्ये वीत, म्हणजे एका खेपेची पिल्लं. वर्षातून एकदाच. मादी बिळात पिल्लांना पाजत असते त्या आठवड्यांत शिकार आणण्याचा भार नरावर आणि मोठ्या भावंडांवर असतो. मुलं वर्ष-दोन वर्षांची झाली की आपापला जोडीदार आणि जागा शोधायला बाहेर पडतात. आई-बाप आपल्या हद्दीत परक्या लांडग्याला, आणि त्याहून लहान असलेल्या कोयोटीला, पाय ठेवू देत नाहीत. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी.

एकेकाळी अमेरिकेच्या आग्नेय भागात हा प्राणी सगळीकडे होता. जंगलं तुटली, सरकारी खर्चाने सापळे लागले, विष घातलं गेलं, मारलेल्या लांडग्यामागे बक्षिसं मिळत गेली. १९६० च्या दशकापर्यंत तो टेक्सास आणि लुइझियाना यांच्या किनाऱ्यावरच्या दलदलीत उरला होता, तोही खरजेने आणि हृदयातल्या कृमींनी पोखरलेला. जोडीदार मिळेना म्हणून उरलेले लांडगे पश्चिमेकडून आलेल्या कोयोटींशी जुगत होते. १९६७ साली त्याचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेलं. धोक्यातल्या प्राण्यांना संरक्षण देणारा १९७३ चा कायदा आल्यावर एक विलक्षण निर्णय झाला. रानात ठेवून हा प्राणी वाचणार नाही, तेव्हा उरलेले सगळे पकडून आणायचे आणि रान मुद्दाम रिकामं करायचं.

जीवशास्त्रज्ञ कर्टिस कार्ली यांच्या देखरेखीखाली १९७३ ते १९८० या काळात चारशेहून अधिक लांडगासदृश प्राणी पकडले गेले. कवटीची मापं, डोक्याचे एक्स-रे, ओरडण्याची पद्धत असं सगळं तपासून त्यातले ४३ लाल लांडगे असावेत असं ठरलं. त्यांची वीत पाहून आणखी चाळण लावली, १७ उरले. त्यातल्या १४ जणांपासून आजचा प्रत्येक लाल लांडगा आलेला आहे, आणि त्या १४ पैकीही १२ जणांचाच वारसा आज पुढे चालू आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा इथल्या पॉइंट डिफायन्स प्राणिसंग्रहालयात त्यांची पैदास सुरू झाली. १९७७ मध्ये पिंजऱ्यातली पहिली वीत झाली. १९८० मध्ये लाल लांडगा रानातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. हा निर्णय घेणाऱ्यांच्या छातीवर केवढं ओझं असेल याची कल्पना करवत नाही. डाव चुकला असता तर तो प्राणी त्यांच्याच हातून संपला असता.

सोडण्याआधीचे धडे

मोठ्या सोडणुकीच्या आधी दक्षिण कॅरोलायनातल्या बुल्स बेटावर एक छोटा प्रयोग झाला. १९७६ मध्ये तिथे एक जोडी नेली, काही आठवडे कुंपणात ठेवली आणि सोडली. मादी बेट सोडून निघून गेली. तिला परत पकडावं लागलं आणि ती वाचली नाही. दुसऱ्या जोडीला कुंपणात कित्येक महिने ठेवलं. १९७८ मध्ये सुटल्यावर ती दोघं बेटावरच राहिली. पुढची सगळी आखणी या अनुभवावर उभी आहे: जागेची ओळख व्हायला आणि दोघांची एकमेकांशी गाठ पक्की व्हायला वेळ द्यायचा, तो वाचवायला जायचं नाही.

माणसांशी गाठ मात्र बांधली गेली नव्हती. केंटकी-टेनेसीच्या सीमेवरच्या लँड बिटवीन द लेक्स या भागात लांडगे सोडायचा बेत १९८४ मध्ये सोडून द्यावा लागला. लांडग्यांना फार संरक्षण मिळेल म्हणून स्थानिक लोक विरोधात, आणि फार कमी मिळेल म्हणून काही संवर्धनवादीही विरोधात. त्याच वर्षी प्रुडेन्शियल या विमा कंपनीने नॉर्थ कॅरोलायनात सुमारे ४८ हजार हेक्टर जमीन केंद्र सरकारला दान केली आणि तिथे अ‍ॅलिगेटर रिव्हर अभयारण्य झालं. तीन बाजूंनी पाणी, आत दाट झुडपी दलदल, गुरं जवळजवळ नाहीत, माणसं विरळ, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या काळी तिथे कोयोटी नव्हत्या. १९८६ मध्ये या लांडग्यांना कायद्याने 'प्रायोगिक' दर्जा दिला गेला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की नियम सैल राहतील, लांडगा नको तिथे गेला तर उचलून आणता येईल आणि जमीनमालकांवर बोजा पडणार नाही.

वॉरन पार्कर कार्यक्रमाचे प्रमुख होते, रानातलं काम मायकेल फिलिप्स पाहत होते. हेच फिलिप्स पुढे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात करडे लांडगे आणण्याच्या कामाचे प्रमुख झाले. प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या लांडग्यांच्या चार जोड्या कुंपणातल्या आवारात महिनोन्‌महिने ठेवल्या गेल्या. तिथेच त्यांना मेलेली आणि मग जिवंत भक्ष्यं देत शिकारीची सवय लावली. १४ सप्टेंबर १९८७ रोजी पहिल्या जोडीसाठी दार उघडलं. रानातून नामशेष म्हणून जाहीर झालेला मोठा शिकारी प्राणी अमेरिकेत परत रानात सोडण्याची ही पहिलीच वेळ. १९८८ च्या वसंतात रानात दोन विती झाल्या. सोडलेल्यांपैकी बरेच लवकर मेले, काही रस्त्यावर, काही इतर कारणांनी. पण रानात जन्मलेल्या पिढीला रान शिकवावं लागलं नाही. पुढे प्रदेश वाढत वाढत पाच काउंट्यांपर्यंत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग), सुमारे ६,९०० चौरस किलोमीटरपर्यंत गेला. त्यात मका आणि सोयाबीनची खाजगी शेतंही आली.

याच काळात ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात दुसरा प्रयत्न झाला, तो १९९१ ते १९९८ चालला. एकूण ३७ लांडगे सोडले. रानात तेहतीस पिल्लं जन्मली, पण जवळजवळ सगळी उपासमारीने आणि पार्व्हो विषाणूसारख्या आजारांनी दगावली. मोठे लांडगे उंच जंगल सोडून खालच्या शेतांकडे जात राहिले. प्रकल्प बंद झाला. डोंगर नकाशावर सुंदर दिसत होता, पण पिल्लं पोसण्याइतकं खाणं तिथे नव्हतं.

कोयोटी आल्या तेव्हा

१९९० च्या दशकात कोयोटी या द्वीपकल्पातही पोचल्या. १९९३ मध्ये लाल लांडगा आणि कोयोटी यांची पहिली संकरित वीत सापडली. ज्या संकराने टेक्सासमध्ये या प्राण्याला संपवत आणलं तोच संकर आता इथे दारात उभा होता. १९९९ मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली. त्यांचा अंदाज असा की काही केलं नाही तर तीन ते सहा पिढ्यांत लाल लांडगा कोयोटींच्या रक्तात विरून जाईल.

त्यावर जो उपाय निघाला तो मला या क्षेत्रातल्या सर्वांत शहाण्या कल्पनांपैकी एक वाटतो. सगळ्या कोयोटी मारून टाकणं शक्य नव्हतं. एक मारली की तिच्या रिकाम्या जागेत दुसरी येते. म्हणून कोयोटी पकडायच्या, त्यांची नसबंदी करायची, पण अंडकोश आणि बीजकोश शाबूत ठेवायचे, म्हणजे संप्रेरकं आणि त्यांच्यामागचा स्वभाव तसाच राहतो, आणि त्यांना पुन्हा त्यांच्याच हद्दीत सोडायचं. अशी कोयोटीची जोडी आपली जागा राखते, बाहेरच्या कोयोटींना हुसकावते, पण तिच्यापासून पुढची पिढी होत नाही. जवळपास लाल लांडग्यांची तरुण जोडी तयार झाली की ती या कोयोटींना हाकलून ती जागा घेते, किंवा कर्मचारी त्या कोयोटींना हलवतात. जागा राखून ठेवायला शत्रूच कामाला लावला. त्याच्या जोडीला रानातल्या प्रत्येक वितीची रक्ततपासणी, संकरित पिल्लं काढून टाकणं आणि २००२ पासून दत्तक पिल्लं. प्राणिसंग्रहालयात जन्मलेली, दोन आठवड्यांच्या आतली पिल्लं विमानाने आणून रानातल्या मादीच्या बिळात तिच्या पिल्लांत मिसळायची. मादी त्यांना आपलीच मानून वाढवते. पिंजऱ्यातलं रक्त अशा रीतीने रानात येतं, आणि त्या पिल्लाला रान शिकवायला माणूस लागत नाही, आई-बाप आणि भावंडं असतात.

हे सगळं चालू असताना लांडग्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली, २०१२ च्या सुमारास ती १२० च्या घरात होती. कोयोटींचं नव्याने मिसळलेलं रक्त ४ टक्क्यांच्या आत राहिलं. एक गोष्ट अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसली: स्थिर, एकमेकांबरोबर मुरलेली लांडग्यांची जोडी कोयोटीशी जुगत नाही. संकर होतो तो बहुतेक वेळा जोडी तुटल्यावर. मागे राहिलेला नर किंवा मादी, विशेषतः तरुण मादी, जोडीदार शोधते. आसपास लाल लांडगा नसतो, कोयोटी शेकड्यांनी असतात.

आणि जोड्या तुटण्याचं मोठं कारण बंदूक होती.

इथे कॅलेंडर पाहायला हवं. या भागात हरणांच्या शिकारीचा हंगाम शरद ऋतूत, ऑक्टोबरपासून पुढे जोरात असतो. शिकारी कुत्रे घेऊन, गाड्या घेऊन रानात असतात. दुरून, अंधुक उजेडात लाल लांडगा आणि मोठी कोयोटी यांत फरक करणं सोपं नाही; काहींनी चुकून मारले, काहींनी जाणूनबुजून. लांडग्यांचे गोळीने होणारे मृत्यू याच महिन्यांत एकवटतात, म्हणजे मीलनाच्या दोन-तीन महिने आधी. एप्रिलमध्ये गोळी लागून जोडीदार गेला असता तर उरलेल्याला नवा जोडीदार शोधायला दहा महिने मिळाले असते. नोव्हेंबरमध्ये गेला तर फेब्रुवारीपर्यंत हाताशी जो आहे तोच पर्याय उरतो, आणि तो कोयोटी असतो. एका गोळीने एक लांडगा मरतो, त्या वर्षीची वीत जाते, हद्द मोकळी होते आणि पुढच्या वसंतात त्याच बिळात संकरित पिल्लं असतात. एकाच घावाचे हे चार परिणाम मृत्यूंच्या तक्त्यात मात्र एकच ओळ म्हणून येतात.

२०१२ नंतर

२०१२ मध्ये राज्याच्या वन्यजीव आयोगाने कोयोटींची रात्री, दिव्यांच्या उजेडात शिकार करायला परवानगी दिली. त्यात लांडग्यांच्या पाच काउंट्याही होत्या. संवर्धन संघटना न्यायालयात गेल्या. मे २०१४ मध्ये न्यायाधीश टेरेन्स बॉयल यांनी त्या पाच काउंट्यांत कोयोटींच्या शिकारीला स्थगिती दिली, आणि त्याच वर्षाअखेरीच्या तडजोडीत रात्रीची शिकार तिथे बंद झाली. पण वातावरण बिघडलं ते बिघडलंच. २०१५ च्या आरंभी राज्य आयोगाने कार्यक्रमच संपवावा अशी मागणी केली. जूनमध्ये केंद्राच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने नवे लांडगे सोडणं थांबवलं. दत्तक पिल्लं थांबली, कोयोटींच्या नसबंदीचं कामही बंद पडलं. त्याच उन्हाळ्यात सरकारी परवान्यावर एका जमीनमालकाने एक मादी मारली. ती पिल्लांना पाजत असल्याच्या खुणा तिच्या अंगावर होत्या.

जमीनमालकांची बाजू इथे टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. १९८६ मध्ये त्यांना सांगितलं गेलं होतं की लांडगे मुख्यतः सरकारी जमिनीवर राहतील आणि कुणावर ओझं येणार नाही. तरुण लांडगा नव्या जागेच्या शोधात बाहेर पडणार हे त्याच्या समाजरचनेतच आहे, आणि पाच काउंट्यांतली बरीचशी जमीन खाजगी. त्यामुळे ते आश्वासन पहिल्याच पिढीत मोडणार होतं. सांगणाऱ्यांना हे कळायला हवं होतं. शिवाय पैदास न होणाऱ्या कोयोटी आपल्या शेतात सरकारच का सोडतं, हे अनेकांना कधीच नीट समजावलं गेलं नाही. ज्या शेतकऱ्याला कोयोटी नको आहे त्याला 'ही कोयोटी जागा धरून ठेवते' हे वाक्य थट्टेसारखं वाटलं तर नवल नाही. विज्ञान पक्कं होतं, पण ते शेताच्या बांधावर उभं राहून सांगणारी माणसं फार कमी होती.

पुढची वर्षं उतरणीची. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रदेश एका काउंटीपुरता आखडून बाकीचे लांडगे पिंजऱ्यात न्यायचा प्रस्ताव आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने केंद्रीय सेवेने कायदा मोडल्याचा निकाल दिला. हा प्राणी मुळात वेगळी जात आहे की कोयोटीचाच संकर, हा वाद विरोधकांच्या हातातलं मोठं हत्यार होतं; मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने लाल लांडगा ही वैध जात असल्याचं सांगितलं. पण तोवर रानात जोड्याच उरल्या नव्हत्या. २०१९, २०२०, २०२१: सलग तीन वर्षं रानात एकही पिल्लू जन्मलं नाही. गळ्यात ठावठिकाणा कळवणारी रेडिओ कॉलर असलेले, माहीत असलेले लांडगे सातवर आले.

शंभराहून अधिकांवरून सातवर, ते आठ वर्षांत. या घसरगुंडीत रोगराई नव्हती, दुष्काळ नव्हता, हरणं कमी झाली नव्हती. जोड्या तुटण्याचा वेग तोच राहिला किंवा वाढला, आणि त्या तुटण्याची भरपाई करणारी तिन्ही कामं, म्हणजे दत्तक पिल्लं, नव्या सोडणुकी आणि कोयोटींची नसबंदी, एकाच वेळी बंद झाली. लोक याला 'प्रयोग फसला' म्हणतात तेव्हा मला राग येतो. चालू असलेला उपचार मध्येच काढून घेतला आणि मग रोगी दुबळा होता असं म्हटलं गेलं.

पुण्याजवळची माळरानं

हे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला अमेरिका फार दूर वाटायला नको. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि गावकुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. द ग्रासलँड्स ट्रस्ट, एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्र संशोधन केंद्र यांच्या अभ्यासकांनी तो मांडला. आपला लांडगा रानात परत आणायची वेळ अजून आलेली नाही, तो सासवड-जेजुरीकडे, सोलापूर-नगरच्या माळांवर मेंढरांच्या वाड्यांच्या आसपास आहे. पण कोड्याची मांडणी तीच आहे: लांडगे विरळ, त्यांच्याशी जुगू शकणारा नातलग प्राणी अगणित, आणि माळ तुटून कळपांमधलं अंतर वाढत चाललेलं.

आपल्याकडे चर्चा कुत्र्यांच्या नसबंदीपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. ती हवीच. पण नॉर्थ कॅरोलायनाचा अनुभव आपल्याला आणखी एक प्रश्न विचारायला लावतो: या माळावर गेल्या पावसाळ्यात कोणती जोडी होती, आणि ती या पावसाळ्यात आहे का? विष घातलेल्या मढ्याने किंवा रस्त्यावरच्या ट्रकने नर गेला आणि मादी उरली, तर तिच्या आसपास लांडगा किती लांब आहे आणि कुत्रे किती जवळ? हे मेंढपाळांना बऱ्याचदा वनखात्याच्या आधी माहीत असतं. कोणत्या कळपात यंदा किती पिल्लं, थोरला नर दिसतो का, कोण लंगडतो, हे ते सांगू शकतात. त्यांच्या या माहितीची वर्षानुवर्षं नोंद ठेवणं हे जनुकीय तपासणीपेक्षा स्वस्त काम आहे आणि तिच्या बरोबरीने चालायला हवं.

पुन्हा सुरुवात

जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने केंद्रीय सेवेला पुन्हा लांडगे सोडण्याची योजना करायला लावली. त्या वर्षी चार प्रौढ सोडले गेले आणि चार पिल्लं रानातल्या मादीकडे दत्तक दिली गेली. सोडलेल्या प्रौढांपैकी बहुतेक रस्त्यावर किंवा इतर कारणांनी लवकरच मेले, आणि टीका करणाऱ्यांना आयतं निमित्त मिळालं. पण एप्रिल २०२२ मध्ये मिलटेल कळपात सहा पिल्लं जन्मली, चार माद्या आणि दोन नर. चार वर्षांतली रानातली पहिली वीत. त्याच जोडीला पुढच्या वर्षीही पिल्लं झाली. जुन्या पिल्लांनी नवी सांभाळली. एकच जोडी एकाच जागी टिकली तर काय होतं ते कुठल्याही आलेखापेक्षा या कळपाने चांगलं दाखवलं.

कामाची पद्धतही सुधारली. लांडग्यांच्या गळ्यात आता नारिंगी, उजेडात चमकणारे कॉलर असतात, म्हणजे शिकाऱ्याला दुरूनच ओळखता यावं. कोयोटींची नसबंदी पुन्हा सुरू आहे. 'प्रे फॉर द पॅक' नावाच्या योजनेत जमीनमालकाला त्याच्या जमिनीवरचा अधिवास सुधारायला मदत मिळते. त्यातून हरणं, ससे आणि तितर वाढतात, जे त्यालाही हवे असतात, आणि बदल्यात तो लांडग्यांना तिथे राहू देतो. ऑगस्ट २०२३ मध्ये संवर्धन संघटनांशी तडजोड होऊन पुढची आठ वर्षं लांडगे सोडत राहण्याचं बंधन केंद्रीय सेवेने स्वीकारलं. महामार्ग ६४ खालून प्राण्यांना जाण्यासाठी बोगदे बांधायला डिसेंबर २०२४ मध्ये अडीच कोटी डॉलरचा केंद्रीय निधी मंजूर झाला. तो रस्ता अभयारण्याच्या मधून जातो आणि १९८७ पासून लांडगे मारतो आहे. सदतीस वर्षं उशीर झाला तरी हे काम मला या सगळ्यात सर्वांत भरवशाचं वाटतं, कारण बोगद्याला कुणाचं मन वळवावं लागत नाही.

प्राणिसंग्रहालयांत आणि पैदास केंद्रांत आज सुमारे २७० लाल लांडगे आहेत, जवळपास पन्नास ठिकाणी. रानातले अजून पन्नासच्या आत. २०२३ च्या पुनरुज्जीवन आराखड्यात पन्नास वर्षांचा काळ आणि सुमारे ३२.८ कोटी डॉलरचा खर्च धरला आहे, आणि किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी टिकाऊ संख्या उभी राहायला हवी असं म्हटलं आहे. त्यासाठी आणखी दोन जागा लागतील. त्या निवडताना ग्रेट स्मोकीचा अनुभव हाताशी आहे: उंच आणि निर्मनुष्य हे पुरेसं नाही, पिल्लं वाढतील इतकं भक्ष्य असलेली, म्हणजे बऱ्याचदा शेतीच्या कडेची, जमीन लागते. आणि तिथे जमीनमालक असणार. त्यांना पहिल्या दिवशीच सांगावं लागेल की तरुण लांडगे तुमच्या शेतात येतील, आले तर आम्ही काय करू, किती तासांत करू आणि कोणाला फोन करायचा. जे पाळता येणार नाही असं आश्वासन देण्यापेक्षा ती जागा सोडलेली बरी.

मोजणीबद्दल माझी एक आग्रहाची मागणी आहे. एकूण संख्या, जन्म, मृत्यू हे आकडे आज जाहीर होतातच. त्यांच्या वर, पहिल्या ओळीत, दरवर्षी दोन तारखांची तुलना यायला हवी: शिकारीचा हंगाम सुरू होताना, १ ऑक्टोबरला, किती जोड्या कुठे होत्या, आणि १ फेब्रुवारीला त्यांतल्या किती त्याच हद्दीत, त्याच जोडीदारासह आहेत. गळ्यातल्या कॉलरमुळे ही माहिती कार्यालयात आधीच येत असते. जोडी तुटल्याचं नोव्हेंबरमध्येच कळलं तर पैदास केंद्रातला योग्य वयाचा जोडीदार जवळच्या कुंपणात आणून, उरलेल्या लांडग्याशी त्याची गाठ घालून देण्याइतका वेळ हाताशी असतो. मार्चमध्ये कळलं तर तोवर मादी कोयोटीबरोबर बिळात गेलेली असते.